गंजानेच राखलेली कचेरी

कोकणातल्या जुन्या घराच्या खिडकीचा गज नखाने खरवडून बघा. तपकिरी पापुद्रा सहज सुटतो, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. गंजाला मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा लागते, म्हणून गज वरून फुगलेला दिसतो. आत लोखंड मात्र झिजत चाललेलं असतं. गंज भुसभुशीत, भेगाळलेला. त्या भेगांतून पाणी आणि प्राणवायू आत शिरतात आणि पुढचा थर तयार होतो. म्हणून तर दर काही वर्षांनी घासून रेडऑक्साइड मारावं लागतं.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या मोलीन शहराच्या वेशीवर एक आठ मजली कचेरी मात्र मुद्दाम गंजू दिलेली आहे. हे जॉन डिअर कंपनीचं मुख्यालय. पुण्याजवळ सणसवाडीला ज्यांचे हिरवे-पिवळे ट्रॅक्टर तयार होतात, तीच ही कंपनी. मूळ जॉन डिअर लोहार होता. १८३७ साली त्याने करवतीच्या मोडक्या पात्याच्या पोलादापासून नांगर घडवला आणि तिथून धंदा वाढला.

१९५७ साली कंपनीचे अध्यक्ष विल्यम ह्युइट यांनी हे काम एरो सारिनेन या वास्तुविशारदाकडे सोपवलं. नांगर-ट्रॅक्टर करणाऱ्यांचं घर चकचकीत असून चालणार नाही, ते उघड्या पोलादाचंच हवं, असा विचार सारिनेन यांनी केला. मला यातली हिंमत फार मोठी वाटते, कारण तोवर कोणी मोठी इमारत या पोलादात अशी उघडी ठेवली नव्हती. दुर्दैवाने १९६१ साली, वयाच्या ५१व्या वर्षी सारिनेन गेले. त्यांचे सहकारी केव्हिन रोश यांनी काम पुरं केलं आणि १९६४ साली कचेरी सुरू झाली. झाडीतल्या घळीवर आडवी टाकलेली इमारत, पुढे तळं, आणि काचांवर ऊन पडू नये म्हणून बाहेरच्या बाजूने त्याच पोलादाच्या आडव्या पट्ट्या.

हे पोलाद म्हणजे कॉर-टेन. १९३०च्या दशकात ते आलं ते रेल्वेच्या कोळशाच्या वाघिणींसाठी. त्यात तांबं, क्रोमियम, फॉस्फरस अगदी थोडं घातलेलं असतं, पण तेवढ्याने गंजाचा पोत बदलतो. आधी नारिंगी गंज चढतो. पावसाने भिजणं आणि उन्हावाऱ्याने सुकणं असं वारंवार होत गेलं की काही वर्षांत त्याचा दाट, बारीक कणांचा थर बनतो आणि तो पोलादाला घट्ट चिकटून राहतो. रंग गडद होत जांभळट तपकिरी होतो. भेगा कमी, म्हणून आत पाणीही कमी जातं. गंजणं पूर्ण थांबत नाही, पण इतकं मंदावतं की रंग द्यावा लागत नाही.

यात सुकणं फार महत्त्वाचं. जिथे पाणी साचून राहतं तिथे हे पोलादही साध्या लोखंडासारखंच सडतं, त्यामुळे प्रत्येक सांध्यातून पाणी वाहून जाईल असं बघावं लागतं. सुरुवातीच्या वर्षांत तांबूस ओघळही उतरतात आणि खालची फरशी डागाळते. आणि समुद्रकाठी तर खाऱ्या हवेतलं मीठ तो थर नीट बसूच देत नाही. मोलीनमध्ये इतकी वर्षं टिकलेल्या त्या पट्ट्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर लावल्या असत्या, तर त्यांचेही खिडकीच्या गजासारखे पापुद्रे निघाले असते.