महाराष्ट्र ओपन : पुरुष दुहेरी

पुण्यातील म्हाळुंगे-बालेवाडी येथे २०१८ ते २०२३ या काळात झालेल्या महाराष्ट्र ओपन या एटीपी २५० दर्जाच्या (एटीपी ही पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना, २५० हे विजेत्याला मिळणारे क्रमवारीचे गुण) टेनिस स्पर्धेतील दुहेरीचा विभाग. स्पर्धा केवळ पुरुषांची होती. प्रायोजकामुळे ती ‘टाटा ओपन महाराष्ट्र’ या नावाने ओळखली जाई. करोनामुळे २०२१ मध्ये ती झाली नाही, त्यामुळे एकूण पाचच वेळा भरली. एकेरीच्या अंतिम फेरीत या पाचही वर्षांत एकही भारतीय पोहोचला नाही. दुहेरीच्या पाचपैकी तीन अंतिम फेऱ्यांत मात्र भारतीय जोडी होती आणि दोनदा विजेतेपद घरातच राहिले. पुण्याच्या प्रेक्षकाला आपला माणूस शेवटच्या दिवशी खेळताना पाहायचा असेल, तर त्याने दुहेरीचे वेळापत्रक पाहावे, अशीच एकंदर स्थिती होती.

ही स्पर्धा पुण्याला चेन्नईकडून मिळाली. १९९६ मध्ये दिल्लीत सुरू होऊन पुढच्याच वर्षी ती चेन्नईला गेली आणि २०१७ पर्यंत तिथेच रमली. लिअँडर पेस आणि महेश भूपती यांनी चेन्नईत १९९७ ते २०११ दरम्यान पाच वेळा दुहेरी जिंकली. २०१७ च्या शेवटच्या चेन्नई ओपनमध्ये तर अंतिम सामन्यातले चारही खेळाडू भारतीय होते : रोहन बोपण्णा-जीवन नेदुंचेळियन यांनी मुंबईचा पूरव राजा व दिविज शरण यांना हरवले. महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेच्या पुढाकाराने २०१८ मध्ये स्पर्धा शिवछत्रपती क्रीडासंकुलात आली, तेव्हा दुहेरीची ही परंपराही सोबत आली.

दुहेरीच्या ड्रॉमध्ये १६ जोड्या असत, त्यांतल्या चार मानांकित. म्हणजे चार सामने जिंकले की करंडक आणि प्रत्येकी २५० गुण. प्रवेश दोघांच्या क्रमवारीची बेरीज करून ठरतो आणि त्यासाठी एकेरीची क्रमवारीही चालते. म्हणूनच एकेरीचे नामवंत अधूनमधून दुहेरीत डोकावतात. यजमानांच्या हाती वाइल्ड कार्डे, म्हणजे क्रमवारी न पाहता देता येणारे थेट प्रवेश, असतात. ती बहुधा स्थानिक खेळाडूंना मिळतात.

कोर्टाची लांबी एकेरीइतकीच, पण दोन्ही बाजूंचे १.३७ मीटरचे पट्टे खेळात धरले जात असल्याने रुंदी ८.२३ वरून १०.९७ मीटर होते. खरा फरक गुणपद्धतीत आहे. ग्रँड स्लॅम वगळता एटीपीच्या दुहेरीत ४०-४० नंतर ॲडव्हान्टेज, म्हणजे सलग दोन पॉइंट जिंकण्याची अट, नसतो. पुढचा एकच पॉइंट गेमचा निकाल लावतो आणि तो कोणी रिटर्न करायचा हे समोरची जोडी ठरवते. सेट १-१ असे झाले तर तिसरा सेट न खेळता दहा गुणांचा सुपर टायब्रेक होतो, दोन गुणांच्या आघाडीच्या अटीसह. सामना वेळेत आटोपावा म्हणून केलेली ही सोय आहे. तिच्यामुळे दुबळ्या जोडीलाही बलाढ्यांना गाठण्याची संधी मिळते, हे आयोजकांना कितपत अभिप्रेत होते कोण जाणे!

सर्व्हिस होण्याआधी नेटपाशी उभा असलेला खेळाडू पाठीमागे हात नेऊन बोटांनी खुणा करतो. त्या खुणांतून सर्व्हिस कुठे टाकायची आणि आपण जागेवर राहणार की आडवे धावून व्हॉली (टप्पा पडण्याआधीचा फटका) मारणार, हे जोडीदाराला कळते. काही जोड्या तर नेटवाल्याला कोर्टाच्या मधोमध वाकवून उभा करतात, म्हणजे तो कुठल्या बाजूला झेपावेल याचा रिटर्न करणाऱ्याला शेवटपर्यंत अंदाज येत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने इथे चेंडू थोडा जास्त वेगाने सुटतो आणि चांगल्या सर्व्हिसचे पारडे जड होते.

पहिल्याच वर्षी रॉबिन हासे व मात्वे मिडलकूप या डच जोडीने जिंकलेल्या अंतिम सामन्याचे दोन्ही सेट ६-६ अशा बरोबरीनंतर टायब्रेकवर गेले. हरलेल्या फ्रेंच जोडीत पिएर-ह्यूग हर्बेरसोबत जिल सिमाँ होता, त्या वर्षीचा एकेरीचा विजेता. २०१९ मध्ये बोपण्णा आणि शरण जिंकले. आदल्याच वर्षी या दोघांनी आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवले होते. अंतिम फेरीत त्यांनी ल्यूक बॅमब्रिज-जॉनी ओमारा यांना ६-३, ६-४ असे सहज हरवले, पण त्यांची खरी कसोटी उपांत्यपूर्व फेरीत लागली होती. तिथे समोर पेस आणि त्याचा मेक्सिकन जोडीदार होते आणि सुपर टायब्रेक दहाच्या बराच पुढे ताणला गेला. २०२० मध्ये स्वीडनचा आंद्रे योरान्सन व इंडोनेशियाचा क्रिस्तोफर रुंकट यांनी सुपर टायब्रेक १०-८ असा घेतला. २०२२ मध्ये ४१ वर्षांच्या बोपण्णाने रामकुमार रामनाथनला साथीला घेतले. ल्यूक सॅव्हिल-जॉन-पॅट्रिक स्मिथ यांच्याविरुद्ध पहिला सेट गमावूनही ही जोडी जिंकली. जानेवारीत ॲडलेड जिंकल्यानंतरचे त्यांचे हे दुसरे विजेतेपद.

२०२३ ची कहाणी या सर्वांत रंजक. एन. श्रीराम बालाजी आणि जीवन नेदुंचेळियन मुळात ड्रॉमध्ये नव्हतेच, दुसऱ्या जोडीने माघार घेतल्यावर त्यांना बदली म्हणून जागा मिळाली. त्यांनी अग्रमानांकित राजीव राम-जो सॅलिसबरी यांना घरी पाठवले आणि थेट अंतिम फेरी गाठली. तिथे मात्र बेल्जियमच्या सँडर जिले-योरान व्लीगेन यांनी त्यांना ६-४, ६-४ असे रोखले.

२०२४ पासून एटीपीच्या कॅलेंडरमधील ही जागा हाँगकाँगकडे गेली आणि पुण्यात चॅलेंजर, म्हणजे एटीपी २५० च्या खालच्या दर्जाचे टेनिस उरले. बालेवाडीत वाइल्ड कार्डवर खेळलेल्या पुण्याच्या अर्जुन कढेने त्याच वर्षी ऋत्विक बोल्लिपल्लीच्या साथीने अल्माटी ओपनची दुहेरी जिंकून एटीपी विजेतेपद मिळवले.