गाडी लागली, पण कुठली?

लातूरच्या बसस्थानकावर एक बाई लेकराला घाई करत होती, "चल, गाडी लागली बघ." अंबाजोगाईची एसटी फलाटावर आली होती. तासाभरानं त्याच एसटीत ती कंडक्टरला सांगत होती, "थांबवा की ओ, लेकराला गाडी लागली." शब्द तेच, तरी गाडीत कुणाचीही गफलत झाली नाही.

माझ्या शेजारी क्लासहून गावी निघालेला अकरावीचा पोरगा होता. वहीत दोन रकाने: 'हेवी – जड', 'कॅच – पकडणे', 'स्ट्राँग – बलवान'. रोज वीस शब्द पाठ. मीही असंच केलं होतं. म्हणून निबंधात मोठ्या पावसाला 'बिग रेन' अन् कडक चहाला 'हार्ड टी' लिहून बसलो. सगळा वर्ग हसला. इंग्रजीत पाऊस 'हेवी' असतो आणि चहा 'स्ट्राँग', हे त्या दोन रकान्यांत कुठंच नव्हतं.

मराठी शिकणाऱ्या परक्या माणसानं 'लागणे – स्पर्श होणे' एवढंच घोकलं, तर भूक लागली, ठेच लागली, नोकरी लागली, आंब्याला कैऱ्या लागल्या, यातलं त्याला काय कळणार? आपण काळाकुट्ट, पांढराशुभ्र, पिवळाधमक म्हणतो. 'पांढराधमक' म्हणून बघा, आजी तोंडाकडे बघत राहील. कोणता शब्द कुणासोबत नांदतो, हाही अर्थाचाच भाग, असं ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1950च्या दशकात मांडलं.

ही सोबत मेंदूलाही ठाऊक असते. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी कॅलिफोर्नियात केलेला एक प्रयोग 1980 साली प्रसिद्ध केला. डोक्याला इलेक्ट्रोड लावलेल्या माणसांना पडद्यावर एकेक शब्द दाखवत वाक्यं वाचायला दिली. एका वाक्याचा अर्थ होता, 'त्यानं गरम ब्रेडला मोजे फासले.' आपल्याकडं 'भाकरीवर चमचाभर मोजे वाढले' म्हणा. 'मोजे' दिसल्यावर सुमारे 400 मिलिसेकंदांनी मेंदूत एक ठळक विद्युतलहर उठली. शेवटचा शब्द अर्थाला धरून असला, पण नुसता मोठ्या अक्षरात आला, तर ती उठत नव्हती. म्हणजे खटकलं ते अर्थाचं. शब्द वाचताना मेंदू मागच्या वाक्याशी त्याचा मेळ लगेच घालून बघतो.

आता पाठांतराचं. टोरांटो विद्यापीठाच्या क्रेक आणि टल्विंग यांनी 1975 साली लोकांना शब्द दाखवून वेगवेगळे प्रश्न विचारले. एखाद्या शब्दाला, तो कॅपिटल अक्षरांत आहे का? दुसऱ्याला, अमुक शब्दाशी यमक जुळतं का? तिसऱ्याला, या वाक्यात तो बसतो का? नंतर न सांगता परीक्षा घेतली, तेव्हा वाक्यात बसवून पाहिलेले शब्द सगळ्यांत जास्त आठवले.

1987 साली बर्मिंगहॅमच्या जॉन सिंक्लेअर यांच्या चमूनं 'कोबिल्ड' हा कोश काढला. त्यात अर्थच पूर्ण वाक्यात सांगितलेला, आणि उदाहरणं प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीतून उचललेली. शिकणाऱ्यासाठी माझ्या मते हा मोठा उपकारच.

पण एकच वाक्य फसवतंही. 'ही वॉज रिलक्टंट टू गो' यावरून तो माणूस आजारी होता, घाबरला होता की नाखूश होता? तिन्ही बसतात. खरा अर्थ नाखूश, पण तो पक्का व्हायला आणखी तीन-चार वाक्यं लागतात, नाहीतर सरळ कोश उघडावा. आणि 'गोट – शेळी' एवढ्यासाठी वाक्याची गरजही नाही, तिथं दोन रकाने पुरतात.

पोरानं 'कॅच'खाली लिहिलं, 'आय कॉट द बस.' मी पुढं घातलं, 'आय कॉट अ कोल्ड', म्हणजे मला सर्दी झाली. त्याखाली, 'द हे कॉट फायर', म्हणजे गंजीनं पेट घेतला. मराठीत पकडलं फक्त बसला. तो बराच वेळ वहीकडं बघत राहिला, मग म्हणाला, "सर, 'गाडी लागली' इंग्रजीत कसं लिहायचं?"

"कुठली?" मी विचारलं.

पुढच्या सीटवर ती बाई लेकराच्या नाकाशी लिंबू धरून बसली होती. त्यानं नुसतं तिकडं बोट केलं.