रक्ताचं बी आणि मज्जेची माती

ब्लड कॅन्सर म्हटलं की आपण बिघडलेल्या पेशीबद्दल बोलतो. ती पेशी जिथे वाढते ती अस्थिमज्जा, म्हणजे बोन मॅरो, बराच काळ नुसतं भांडं मानली गेली. या भांड्याचाही रोगात हात असतो, हे पटायला शंभराहून अधिक वर्षं लागली.

खरं तर मज्जेकडे लक्ष लवकर गेलं होतं. रुडॉल्फ फिरखो यांनी १८४५मध्ये ‘पांढऱ्या रक्ता’चं वर्णन केलं आणि दोन वर्षांनी त्याला ल्युकेमिया हे नाव दिलं, तेव्हा रक्त बनतं कुठे हेच ठाऊक नव्हतं. १८६८मध्ये अर्न्स्ट नॉयमान आणि जुलिओ बिझोझेरो यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की रक्तपेशी हाडांच्या पोकळीत जन्मतात. पुढे नॉयमान यांनी ल्युकेमियाने दगावलेल्या रुग्णाची मज्जा पाहिली. लाल असायला हवी ती मळकट, हिरवट-पिवळी निघाली. १८८९मध्ये लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाबद्दल लिहिलं की बी चहूकडे उडालं, तरी रुजतं ते मानवेल त्या मातीतच.

१९६०मध्ये एका प्रकारच्या ल्युकेमियाच्या पेशींत दिसणारं बिघडलेलं ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ सापडलं आणि सगळ्यांचं लक्ष पुन्हा पेशीकडे वळलं. ते योग्यच होतं. त्याच वाटेने पुढे त्या बिघाडावरच नेमका घाव घालणारं इमॅटिनिबसारखं औषध मिळालं.

मातीची बाजू मांडली ती उंदरांनी. जन्मतः रक्तक्षय असलेल्या दोन जाती होत्या, ‘डब्ल्यू’ आणि ‘स्टील’. निरोगी मज्जा दिली की डब्ल्यू उंदीर बरा व्हायचा, स्टील उंदीर मात्र होत नसे. उलट आजारी स्टील उंदराचीच मज्जा डब्ल्यूला दिली, तर तो सुधारायचा. म्हणजे स्टीलचं बी चांगलं होतं, दोष जमिनीत होता. मला हा या इतिहासातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो.

१९७७मध्ये मँचेस्टरला मायकेल डेक्स्टर यांनी मज्जा चपट्या बाटलीत महिनोन्‌महिने जिवंत ठेवली. बाटलीच्या तळाला आधार देणाऱ्या पेशींचा थर बसतो आणि काही रक्तपेशी त्याखाली शिरून फरसबंदीसारख्या दाटीने राहतात. तो थर नसेल, तर रक्त बनणं लवकरच थांबतं. पुढच्याच वर्षी त्याच शहरातल्या रे स्कोफिल्ड यांनी कल्पना मांडली की मूळपेशीला, म्हणजे जिच्यापासून सगळ्या रक्तपेशी बनतात तिला, मज्जेत एक ठरलेला कोनाडा असतो आणि त्यात आहे तोवरच ती मूळपेशी राहते. हा कोनाडा हाड घडवणाऱ्या पेशींचा की रक्तवाहिन्यांलगतचा, यावर २००३नंतर बरीच वर्षं वाद चालला.

मायलोमा या मज्जेतल्या प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगात माती किती महत्त्वाची, ते उपचारांतून उमगलं. तिथे कर्करोगपेशी हाड पोखरतात आणि शेजारच्या पेशी त्यांना वाढीचे संदेश पुरवतात. मज्जेत नव्या रक्तवाहिन्या फुटतात म्हणून त्यांची वाढ रोखणारं थॅलिडोमाइड हे औषध देऊन पाहिलं गेलं. १९९९मध्ये इतर उपचारांना दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी जवळपास तिसऱ्या हिश्श्यात त्याचा उपयोग दिसला. औषधाचं मुख्य लक्ष्य रक्तवाहिनी नसून पेशीतलं सेरेब्लॉन हे प्रथिन आहे, हे २०१०नंतर उलगडत गेलं.

पण माती रोगाला आधार देते, इतकंच त्यातून कळत होतं. ती रोग सुरू करू शकते का? २०१०मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी उंदरांच्या फक्त हाड घडवणाऱ्या तरुण पेशींतून डायसर-१ हे जनुक काढलं, रक्तपेशींना हात लावला नाही. तरी रक्तनिर्मिती बिघडली आणि काही उंदरांना ल्युकेमिया झाला. त्यांची मज्जा निरोगी उंदरात घातल्यावर रक्त सुधारलं. निरोगी मज्जा त्यांच्यात घातल्यावर ती बिघडली. स्टील उंदराचीच गोष्ट, या वेळी कर्करोगाच्या रूपात.

हे उंदरांत घडलं, माणसांत याचा वाटा किती, ते अजून ठरायचं आहे. पण एक धागा जुना आहे. १९७१मध्ये एका मुलीला तिच्या भावाची मज्जा दिल्यानंतर ल्युकेमिया पुन्हा उफाळला, आणि या वेळी रोगपेशींत मुलाची गुणसूत्रं होती, म्हणजे त्या भावाच्या मज्जेतून आलेल्या होत्या. अशा दुर्मीळ प्रसंगाला दात्याच्या पेशींत आधीपासून असलेले दोषही कारण असू शकतात. मात्र प्रत्यारोपणानंतर रक्त दात्याचं होतं, तरी कोनाड्याच्या आधारपेशी बहुतांशी रुग्णाच्याच राहतात. केमो आणि किरणोपचार सोसलेल्या त्याच जागेत नवं रक्त रुजावं लागतं.