मूत्रछिद्र जागेवर, तरीही वाक : एका दुर्मिळ जन्मजात स्थितीची पार्श्वभूमी

हायपोस्पॅडियासमध्ये मूत्रछिद्र शिश्नाच्या टोकाऐवजी खालच्या बाजूस असते आणि त्याच्या जोडीला शिश्नाला खाली वाकही असू शकतो. काही मुलांमध्ये मात्र छिद्र नेमके जागेवर असूनही वाक आढळतो. या दुर्मिळ स्थितीला अनेक तज्ज्ञ हायपोस्पॅडियासचाच सौम्य प्रकार मानतात.

वाकाची अडचण प्राचीन वैद्यांना माहीत होती; त्यामुळे वीर्य पुढे पोहोचत नाही, असे ग्रीक वैद्य गेलनने दुसऱ्या शतकातच नोंदवले होते. त्यासाठीचा ‘कॉर्डी’ हा शब्द दोरीसाठीच्या फ्रेंच शब्दावरून आला आणि आधी तो परम्यातील (गोनोरिया या गुप्तरोगातील) वेदनादायक वाकासाठी वापरला जाई. माझ्या मते या नावानेच विचाराला दिशा दिली, कारण पुढे दीर्घकाळ शल्यविशारद खालच्या बाजूस ताणलेला तंतुमय पट्टा शोधत राहिले आणि तो काढण्याच्या प्रयत्नात मूत्रमार्गाची निरोगी पट्टीही अनेकदा कापली गेली. नंतरच्या सूक्ष्मदर्शक तपासण्यांत या पट्टीत व्रणासारखे ऊतक नव्हे, तर भरपूर रक्तवाहिन्या दिसल्या.

1973 मध्ये डिव्हाइन आणि हॉर्टन यांनी छिद्र जागेवर असलेल्या या वाकाचे तीन प्रकार मांडले. पहिल्यात मूत्रमार्गाभोवतीचे स्पंजासारखे ऊतक नसते आणि मूत्रमार्ग त्वचेला जवळजवळ चिकटलेला असतो. दुसऱ्यात ते ऊतक असते, पण त्यावरील खोल व वरची अशी दोन्ही आवरणे सदोष असतात. तिसऱ्यात दोष केवळ वरच्या आवरणात असतो. उत्थानस्तंभांच्या, म्हणजे ताठरतेच्या वेळी रक्ताने भरणाऱ्या शिश्नातील स्तंभांच्या, वरच्या व खालच्या बाजूंची लांबीच असमान असणे, हे कारण यांत पुढे जोडले गेले. त्यावरचा उपाय रीड नेस्बिट यांनी 1965 मध्येच दिला होता : वाकाच्या विरुद्ध बाजूच्या कठीण आवरणाचे लंबवर्तुळाकार तुकडे काढून तेथे टाके घालणे, म्हणजे लांब बाजू आखूड होते.

तरी वाक नेमका किती, हे भूल दिलेल्या रुग्णात दिसत नसे. 1974 मध्ये गिट्स आणि मॅक्लॉफ्लिन यांनी मुळाशी आवळपट्टी बांधून उत्थानस्तंभात सलाइन भरून कृत्रिम ताठरता आणण्याची चाचणी सुचवली आणि शस्त्रक्रिया सुरू असतानाच वाक पाहता व पुन्हा तपासता येऊ लागला. पाठोपाठ 1975 मध्ये कॅप्लन आणि लॅम यांनी, गर्भाच्या वाढीत असा वाक हा एक स्वाभाविक टप्पा असतो, असे दाखवले; त्यामुळे जन्मानंतर उरलेला वाक म्हणजे अर्धवट थांबलेली वाढ, हे स्पष्टीकरण पुढे आले.