फर्मवेअरवाल्या सीपीयूफ्रेक ड्रायव्हरचा कोड रिव्ह्यू

लिनक्स कर्नलमधे प्रोसेसरचा वेग कमीजास्त करायचं काम सीपीयूफ्रेक सबसिस्टिम करते, पण हल्ली बऱ्याच चिप्सवर तिचा ड्रायव्हर क्लॉक-व्होल्टेजला स्वतः हात लावत नाही, एवढी फ्रिक्वेन्सी पाहिजे असं फर्मवेअरला (चिपच्या आतल्या सॉफ्टवेअरला) कळवतो आणि गप्प बसतो. आर्म प्रोसेसरच्या जगात हे बोलणं एससीएमआय नावाच्या प्रोटोकॉलने होतं (त्याचा ड्रायव्हर २०१८ मधे ४.१७ कर्नलमधे आला), एसीपीआय (फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातला प्रमाण इंटरफेस) वापरणाऱ्या मशीन्सवर त्यातल्याच सीपीपीसी या भागाने. असे ड्रायव्हर काहीशे ओळींचेच असतात म्हणून रिव्ह्यू पटकन उरकला जातो, आणि नेमकं तिथेच फसायला होतं, कारण निम्मं काम ज्या कोडमधे होतं तो समोर नसतोच.

सगळ्यात आधी युनिट बघायचं. सीपीयूफ्रेक किलोहर्ट्झमधे बोलतं, एससीएमआयचा कॉल हर्ट्झमधे, मधे हजाराने गुणायचं. हा गुणाकार ३२ बिटच्या व्हेरिएबलमधे केला की ४.२९ गिगाहर्ट्झच्या वर आकडा ओव्हरफ्लो होतो आणि कंपायलर बहुतेक वेळा चकार शब्द काढत नाही. तसंच गेट कॉलबॅक (सध्याची फ्रिक्वेन्सी विचारायला कर्नल बोलावतं ते ड्रायव्हरचं फंक्शन) अनसाइन्ड इंट, म्हणजे ऋण होऊच न शकणारा आकडा, परत देतो, तिथे कोणी सवयीने मायनस एरर कोड रिटर्न केला की कर्नलला ती चार अब्जाच्या आसपासची फ्रिक्वेन्सी दिसते. एरर असेल तर शून्य द्यायचं, बस.

खरी गोम फास्ट स्विचमधे, म्हणजे झटपट फ्रिक्वेन्सी बदलायच्या कॉलबॅकमधे. किती वेग हवा ते ठरवणारा स्केडयुटिल गव्हर्नर हा कॉलबॅक थेट शेड्युलरमधून मारतो, तिथे झोपता येत नाही, म्हणजे म्युटेक्स (मिळेपर्यंत झोपावं लागेल असं कुलूप) घेणं किंवा मेलबॉक्सवर (फर्मवेअरशी निरोपांची देवाणघेवाण होते तिथे) निवांत उत्तराची वाट बघत बसणं बाद. एकतर पोलिंग करायचं (उत्तर आलं का ते सतत तपासत राहायचं) नाहीतर फर्मवेअरने फास्ट चॅनल दिला असेल तर शेअर्ड मेमरीत आकडा लिहून मोकळं व्हायचं. पॅचमधे यातलं नक्की काय होतंय हे दोन-तीन फंक्शन आत शिरून बघावं लागतं, वरवर वाचून कळत नाही.

फर्मवेअरचा शब्द प्रमाण मानायचा नाही हेही आलंच: ओपीपींची (चिपला चालणाऱ्या फ्रिक्वेन्सी-व्होल्टेजच्या जोड्यांची) यादी रिकामी येऊ शकते, आणि मागितलेली फ्रिक्वेन्सी मिळालीच असंही नाही, चिप तापली की फर्मवेअर परस्पर वेग खाली आणतं. कोणते सीपीयू एकाच डोमेनमधे (एकाच क्लॉकवर) आहेत हे चुकलं तर एकाच क्लॉकवर दोन पॉलिसी (सीपीयूफ्रेक ज्यांचा वेग एकत्र ठरवतं ते सीपीयूंचे गट) भांडत बसतात.

प्रोबमधे (ड्रायव्हर सुरू होताना) मेलबॉक्स तयार नसेल तर डिफर करतोय का, म्हणजे नंतर परत प्रयत्न करतोय का, एरर पाथवर मिळवलेलं सगळं उलट्या क्रमाने सोडतोय का, हे नेहमीचंच, पण मॉड्यूल काढून परत घालून बघितल्याशिवाय मी तरी रिव्ह्यूड-बाय (तपासलं अशी सही) देणार नाही.