सशाची चाळणी

"सशाला पाणी पाजू नका हं, मरतो तो," सोसायटीतल्या काकूंनी लिफ्टमध्येच बजावलं. माझ्या हातात पिंजरा, पिंजऱ्यात मित्राचा ससा चिकू, आणि मित्र सहकुटुंब आठ दिवस कोकणात. नाशिकचा एप्रिल, पारा चाळिशीला टेकलेला. खरं तर सशाला वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण ५० ते १५० मिलिलिटर पाणी लागतं. ओला पाला भरपूर मिळाला तर तो वाटीला फारसं तोंड लावत नाही; त्यावरूनच कुणीतरी 'पाणी चालत नाही' असं ठरवलं असावं.

मित्राने जाताना एकच गोष्ट सांगितली होती. "रोज लेंड्या बघ." मला हसू आलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे चिकू मान वाकवून शेपटीखालून काहीतरी थेट तोंडात घेताना दिसला आणि मी वाचत बसलो.

गवतातलं सेल्युलोज पचवणारं विकर (एन्झाइम) ना गायीकडे असतं ना सशाकडे. ते काम जिवाणू करतात. गायीची जिवाणूंची टाकी लहान आतड्याच्या आधी असते. सशाची टाकी, म्हणजे उंडुक, लहान आतड्याच्या नंतर. आपलं उंडुक एवढंसं. सशाचं जठराहूनही मोठं. इथेच घोळ होतो. जिवाणूंनी प्रथिनं आणि ब-जीवनसत्त्वं बनवली खरी, पण ती नीट शोषून घेणारं लहान आतडं मागेच राहिलं. मुंबईहून येताना झोप लागावी आणि जाग यावी ती थेट मनमाडला, तसं. नाशिकरोड गाठायचं तर परतीची गाडी धरण्यावाचून इलाज नाही. सशाची परतीची गाडी म्हणजे ती पहाटेची लेंडी.

पण सगळंच परत खाऊन चालणार नाही, म्हणून आधी चाळणी. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला भिंतीला फुगीर कप्पे असतात. अर्ध्या मिलिमीटरहून मोठे तंतू मधून पुढे सरकतात. बारीक कण आणि पाणी कडेच्या कप्प्यांत जमतं, आणि आतड्याच्या उलट्या लाटा ते मागे उंडुकात ढकलतात. पीठ चाळून कोंडा टाकायचा आणि पीठ पुन्हा डब्यात ओतायचं, तसंच हे. त्या कोंड्यातलं पाणी पिळून निघालं की कोरडी, गोल लेंडी तयार. पुढे एक आखूड, जाड स्नायूंचा, मज्जातंतूंनी गच्च भरलेला भाग असतो. लाटांचा ठेका तो धरतो. कोरड्या लेंड्यांच्या वेळी अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक चढं असतं. ते उतरलं आणि प्रोस्टाग्लँडिन्स या शरीरातल्याच रसायनांचा प्रभाव वाढला की उलट्या लाटा थंडावतात, आणि उंडुकातला माल न चाळताच बाहेर येतो. या लेंड्या मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या. ससा त्या न चावता गिळतो. वरच्या चिकट आवरणामुळे जठराच्या आम्लातही आतल्या जिवाणूंचं काम काही तास चालू राहतं! मला तरी रवंथापेक्षा ही युक्ती जास्त भावली.

म्हणूनच सशाच्या ताटात वाळलेलं गवत सगळ्यात जास्त हवं. त्यातला न पचणारा कोंडाच आतडं हलतं ठेवतो. गाजर हा त्याचा गोड खाऊ, जेवण नव्हे. हे वाचायच्या आधीच मी शेजाऱ्यांनी दिंडोरीहून आणलेली सहा-सात द्राक्षं चिकूला चारून बसलो होतो. साखर जास्त झाली की उंडुकातल्या जिवाणूंचा तोल जातो. तिसऱ्या दिवशी मऊ लेंड्या न खाता तशाच पडलेल्या, शेपटीला लडबडलेल्या.

पाचव्या दिवशी सकाळी मोजून चार लेंड्या होत्या, मिरीएवढ्या, केसांत ओवलेल्या. चिकू अंग आखडून कोपऱ्यात बसला होता. रात्रीचं गवत जसंच्या तसं. सशाला उलटी करता येत नाही, आणि बारा तास खाणं बंद म्हणजे थांबायची वेळ नव्हे. आतडं थंडावलं की आत वायू धरतो, उपास लांबला तर यकृतात चरबी साठू लागते. घरातलं कुठलंही औषध द्यायचं नाही हे मी वाचलं होतं. आपल्याला सर्रास मिळणारं अमॉक्सिसिलीन सशाला तोंडावाटे दिलं तर उंडुकातले चांगले जिवाणू मरतात आणि विष बनवणारे माजतात.

त्यामुळे आधी फोनवर "ससे बघता का?" असं विचारून डॉक्टर गाठले. त्यांनी पोट चाचपलं, दात पाहिले (सशाचे दात जन्मभर वाढतात, वेडेवाकडे वाढले की खाणं सुटतं), सलाइन आणि वेदनाशामक दिलं, आणि गवताच्या भुकटीची पेज सिरिंजने भरवायला शिकवलं. दर तीन तासांनी मी आणि बायको आळीपाळीने पेज भरवत होतो. निम्मी चिकूच्या पोटात, निम्मी आमच्या कपड्यांवर.

रात्री दीड वाजता पिंजऱ्यात सात लेंड्या दिसल्या. तेव्हाच फोटो काढून मित्राला पाठवला. तोही जागाच होता. उत्तर आलं, "शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून परत काढ. आकार कळत नाहीये."