होमगार्ड नोंदणी: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाआधी घरी करायचं बोलणं

होमगार्डची जाहिरात आली की गावात 'भरती निघाली' अशी हाक उठते. जाहिरातीवर मात्र शब्द असतो 'सदस्य नोंदणी', आणि अर्ज भरणाऱ्याने आधी तोच नीट समजून घ्यावा. होमगार्ड हे मानसेवी पद आहे. पगार, पेन्शन, कायम नेमणूक यांतलं काही मिळत नाही. बंदोबस्ताला बोलावलं तेवढ्या दिवसांचा भत्ता मिळतो. बाकीचे दिवस आपली शेती, दुकान, रिक्षा, जे काही असेल ते सांभाळायचं. पथकात नव्याने येणाऱ्या मुलांचा पहिल्या वर्षी सर्वांत जास्त हिरमोड याच गैरसमजातून होतो, म्हणून हे सुरुवातीलाच लिहिलं.

संघटना जुनी आहे. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांतात ती उभी राहिली. दंगलींच्या त्या काळात पोलिसांच्या जोडीला नागरिकांमधूनच शिस्तीची माणसं हवी होती. १९४७ चा गृहरक्षक अधिनियम आजही तिचा पाया आहे. त्यातली एक तरतूद प्रत्येकाने लक्षात ठेवावी: कर्तव्यावर बोलावलेल्या होमगार्डला पोलीस अधिकाऱ्यासारखेच अधिकार आणि संरक्षण असतं. म्हणजे ते बोलावल्यावर. एरवी खाकी घालून नाक्यावर कुणाची गाडी अडवली तर कायदा पाठीशी नसतो.

आता पात्रता. २०२४ च्या नोंदणीत किमान शिक्षण दहावी उत्तीर्ण होतं आणि वय २० पूर्ण ते ५० च्या आत. उंची पुरुषांना १६२ सेंटिमीटर, महिलांना १५०. पुरुषांची छाती न फुगवता ७६ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर किमान ५ सेंटिमीटरची वाढ. अर्ज ऑनलाइन, महाराष्ट्र होमगार्डच्या अधिकृत संकेतस्थळावर. आपण ज्या जिल्ह्यात आणि ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत राहतो, तिथल्याच पथकासाठी अर्ज करायचा. शेजारच्या तालुक्यात जागा जास्त दिसल्या म्हणून तिकडे भरलेला अर्ज रहिवासी पुराव्याशी जुळत नाही आणि मेहनत फुकट जाते.

कागदपत्रांत रहिवासासाठी आधार आणि मतदार ओळखपत्र, जन्मतारखेसाठी दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला, आणि शैक्षणिक प्रमाणपत्रं लागतात. आयटीआय, एनसीसीचं बी किंवा सी प्रमाणपत्र, नागरी संरक्षण, जड वाहनाचा परवाना, खेळाचं प्रमाणपत्र यांतलं काही असेल तर जरूर जोडा, त्याचा गुणांत फायदा होतो. मुलं हे कागद घरच्या ट्रंकेत ठेवून येतात आणि मग एकेका गुणासाठी हळहळतात.

खरी अडचण दोन कागदांची. पहिला, पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला. तो ३ महिन्यांच्या आतला लागतो. फार आधी काढला तर शिळा होतो, जाहिरात पाहून शेवटच्या आठवड्यात अर्ज केला तर ठाण्यातली चौकशी पूर्ण होईपर्यंत तारीख निघून जाते. दुसरा, खासगी नोकरी असेल तर मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र. एका पडताळणीच्या सकाळी मेडिकल दुकानात काम करणारा एक मुलगा टेबलासमोर उभा होता. सगळे कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये क्रमाने लावलेले, फक्त हा एक नव्हता. "शेठ हो म्हणालेत, साहेब," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. तोंडी हो चालत नाही. दुकानाच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी लेखी हवं. आणखी एक गोष्ट घरीच तपासा: आधारवर 'बाळू' आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर 'बाळासाहेब' असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या.

लेखी परीक्षा नसते. मैदानावर पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावणं असतं, शिवाय गोळाफेक, पुरुषांना ७.२६० किलोचा गोळा आणि महिलांना ४ किलोचा. पळण्याचा सराव सगळे करतात, गोळा मात्र बहुतेकांनी त्या दिवशीच पहिल्यांदा हातात घेतलेला असतो. तो मानेला टेकवून ढकलायचा असतो, चेंडूसारखा भिरकावला की खांदा दुखावतो. तालुक्याच्या शाळेत, व्यायामशाळेत गोळा असतोच. महिनाभर आधी मागून घ्या.

निवड झाली की नोंदणी ३ वर्षांसाठी असते आणि कामगिरी पाहून पुढे वाढवता येते. प्रशिक्षण, नंतर आठवड्याची कवायत. कवायतीला सतत गैरहजर राहिलं तर नाव कमी होऊ शकतं, याकडे दुर्लक्ष करू नका.

भत्त्याबद्दल. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशच्या गृहरक्षकांच्या प्रकरणात सांगितलं की त्यांना सेवेत कायम करता येणार नाही, पण ३० दिवसांच्या भत्त्याची बेरीज पोलिसांच्या किमान वेतनाएवढी व्हायला हवी. महाराष्ट्रात २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कर्तव्य भत्ता दिवसाला ५७० वरून १०८३ रुपये झाला. ही वाढ हक्काची होती आणि उशिरा का होईना, मिळाली याचा आनंद आहे. तरी दर महिन्याला ३० दिवस काम मिळेलच असं नाही, त्यामुळे या आकड्याच्या भरवशावर कर्जाचा हप्ता बांधू नका. ३ वर्षं सेवा झाली की राज्याच्या पोलीस भरतीत होमगार्डसाठीच्या ५ टक्के आरक्षणाचा लाभ घेता येतो. पुष्कळ मुलं त्यासाठीच येतात आणि त्यात काही गैर नाही.

राहिलं घरचं बोलणं. गणपती, नवरात्र, आषाढी, निवडणुका, म्हणजे घरात माणूस हवा असतो नेमके ते दिवस आपण बाहेर असतो. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात दोर धरून उभं राहिलं की मागून हजारो माणसांचा रेटा येतो, पाय ओल्या वाळूत रुततात, आणि त्या गर्दीत एखादी म्हातारी हाताला धरून विचारते, "बाळा, आमची दिंडी कुठं गेली?" तिला ती शोधून देणं हेही आपलंच काम. बायकोला, आईवडिलांना, शेतातल्या भागीदाराला हे आधी सांगा, त्यांच्या तोंडून होकार ऐका, आणि मग अर्ज भरा. अर्जाची छापील प्रत आणि मूळ कागदपत्रं एकाच फाइलमध्ये ठेवा, पडताळणीला दोन्ही दाखवावी लागतात.